अवयवदानाचे प्रबोधन सत्र: ही सेवा बोलावण्याआधी काय तपासावे

महाविद्यालये, कार्यालये, वसाहती, ज्येष्ठांची मंडळे यांच्यासाठी अवयवदानावर तास-दीड तासाचे सत्र घेणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. सत्राचा साचाही ठरलेला असतो: एक वक्ता, चाळीस-पन्नास स्लाइड, एक हेलावून टाकणारी चित्रफीत, शेवटी पाच मिनिटे प्रश्नोत्तरे, दाराशी फॉर्मचे टेबल आणि हातात डोनर कार्ड. हे परीक्षण कुण्या एका संस्थेचे नाही, या साच्याचे आहे. त्यातले काय खरोखर उपयोगी पडते, काय नुसतेच छान दिसते आणि कशाने उलट नुकसान होते, हे सत्र ठरवणाऱ्याला आधीच माहीत असले तर नेमके मागता येते.

आमची कसोटी एकच आहे. सत्राला आलेला माणूस त्या रात्री घरी जाऊन या विषयावर बोलला का? किती फॉर्म भरले, हा आकडा अहवालात लिहायला सोपा असतो, म्हणून बहुतेक संस्था तोच मोजतात. पण फॉर्म भरला आणि घरी कुणालाच सांगितले नाही, तर तो फॉर्म वेळेला सापडेलच याची खात्री नसते, आणि सापडला तरी घरच्यांना धक्का बसतो.

मृत्यूनंतरच्या दानाचा प्रश्न येतो तेव्हा दाता बोलू शकत नाही. मेंदूत अचानक रक्तस्राव झालेला असतो किंवा डोक्याला जबर मार लागलेला असतो, काल चालताबोलता असलेला माणूस आज अतिदक्षता विभागात असतो, आणि बाहेर बसलेल्या घरच्यांना विचारले जाते. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. भारतात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे आणि तिथे जवळच्या नातलगांच्या संमतीवर सगळे येऊन थांबते. इंग्लंडमध्ये २०२० पासून नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरतात, तरी कुटुंबाशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. अमेरिकेत प्रौढ व्यक्तीने नोंदणी केली असेल तर तोच कायदेशीर निर्णय मानला जातो, पण वैद्यकीय इतिहास सांगायला घरचेच लागतात. जपानमध्ये १९९७ च्या कायद्याने दात्याची लेखी इच्छा आणि कुटुंबाचा होकार असे दोन्ही लागत, २०१० पासून इच्छा माहीत नसली तरी कुटुंबाला निर्णय घेता येतो. वाट कुठलीही असो, ती कुटुंबातून जाते. माणसाची इच्छा घरात माहीत असेल तर निर्णय अवघड असला तरी स्पष्ट असतो. माहीत नसेल तर घरचे अंदाज बांधत बसतात आणि चूक नको म्हणून बहुधा नाही म्हणतात. सत्राचे यश यावरच मोजायला हवे.

आता वक्ता. तो चांगला आहे की नाही हे ओळखायला एकच विषय पुरतो: मेंदूमृत्यू तो कसा समजावतो. सत्रात सर्वात जास्त चुका इथेच होतात आणि त्यांची किंमतही इथेच मोजावी लागते. "मेंदू बंद पडतो, पण माणसाला मशिनवर जिवंत ठेवतात," असे वाक्य वक्त्याच्या तोंडून आले की श्रोता घरी काय घेऊन जातो? माणूस जिवंत असताना अवयव काढतात, एवढेच. नेमके सांगायचे तर असे: मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूचा तळाकडचा, श्वासाची आज्ञा देणारा भाग, कायमचा निकामी झाला की श्वास घेण्याची आज्ञाच सुटत नाही. व्हेंटिलेटर हवा आत-बाहेर करतो म्हणून छाती हलते. हृदयाला स्वतःची लय देणारे केंद्र हृदयातच असते, म्हणून ऑक्सिजन मिळतोय तोवर ते धडधडत राहते. हात गरम लागतो तो त्यामुळे. ती व्यक्ती मात्र मरण पावलेली असते.

कोमा आणि मेंदूमृत्यू यांतला फरक श्रोत्याला तपासण्या सांगितल्याशिवाय पटत नाही. चांगला वक्ता त्या एकेक करून सांगतो. आधी कारण पक्के माहीत हवे, आणि गुंगीची औषधे, शरीराचे तापमान फार उतरणे, रक्तातील क्षारांचा मोठा बिघाड या गोष्टी नाहीत हे ठरवावे लागते, कारण यांमुळे मेंदू तात्पुरता गप्प बसू शकतो. मग डोळ्यांवर प्रकाश टाकला तर बाहुली आकसते का, बुबुळाला स्पर्श केला तर पापणी मिटते का, कानात बर्फासारखे गार पाणी सोडले तर डोळे हलतात का, घशात नळी हलवली तर उबळ किंवा खोकला येतो का, चेहऱ्यावर वेदना दिली तर काही हालचाल होते का, हे पाहतात. शेवटी श्वासाची तपासणी: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू देतात, आणि तो साधारण ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत गेला तरी छाती हलली नाही तर मेंदूस्तंभ काम करत नाही असे ठरते. कोम्यातल्या माणसात यातल्या काही ना काही क्रिया शिल्लक असतात. भारतात ही सगळी तपासणी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा होते आणि ती चार डॉक्टरांचे मंडळ करते, त्यात प्रत्यारोपण करणारे कुणी नसते. हे ऐकायला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे ज्या सत्रात नाहीत ते आम्ही बोलावणार नाही, बाकी सगळे कितीही देखणे असले तरी.

"एक दाता आठ जणांना जीवन देतो" हे वाक्य जवळपास प्रत्येक स्लाइडवर असते. गणित बरोबर आहे: दोन मूत्रपिंडे, दोन फुप्फुसे, हृदय, यकृत, स्वादुपिंड, आतडे. पण ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात वय, आजार, रक्तदाब, संसर्ग यांवरून प्रत्येक अवयव वेगळा तपासला जातो आणि अनेकदा एक-दोनच वापरता येतात. हे न सांगितल्यास नंतर एखाद्या कुटुंबाला "फक्त मूत्रपिंडे घेतली" याचे उगाच वाईट वाटते. त्याहून महत्त्वाची गोष्ट क्वचितच सांगितली जाते: अवयवदान शक्य होईल अशा स्थितीत मरण फार थोड्यांना येते. ब्रिटनमध्ये साधारण शंभरात एकाला. घरी किंवा वॉर्डात हृदय थांबून गेलेल्या व्यक्तीचे अवयव सहसा देता येत नाहीत. काही देशांत हृदय थांबल्यावरही ठरावीक मिनिटे थांबून अवयव घेण्याची पद्धत आहे, पण तीही रुग्णालयात, तयारीनिशीच.

म्हणूनच ऊतींच्या दानाला सत्रात अर्धा वेळ मिळायला हवा, आणि मिळतात दोन स्लाइड. आमची मोठी तक्रार हीच आहे. बुबुळे, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा हृदय थांबल्यानंतरही देता येतात. म्हणजे सत्रात बसलेल्यांपैकी बहुतेकांना प्रत्यक्षात हेच दान करता येणार असते. त्यासाठी घरच्यांना काय करायचे हे तपशीलवार माहीत हवे, कारण इथे वेळ धावत असतो आणि फोन घरच्यांनाच करायचा असतो.

नेत्रदानाचे पान असे असावे. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर नेत्रपेढीला फोन करा, साधारण ६ तासांच्या आत बुबुळे घेतली जावीत असे धरतात. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, वातानुकूलन असेल तर चालू ठेवा, डोके उशीवर थोडे उंच ठेवा. पंख्याने बुबुळ सुकते आणि डोके सपाट राहिले तर नंतर रक्त झिरपून डोळ्याभोवती काळेनिळे होते, ही त्यामागची कारणे. मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरांची नोंद हाताशी ठेवा. प्रक्रिया १५ ते २० मिनिटांची असते आणि घरीही होते. रक्ताचा नमुना घेतात, तो संसर्ग तपासण्यासाठी. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांनी नेत्रदान अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांनी अडते. हे सगळे एका पानावर मोठ्या अक्षरांत बसते आणि सत्रातून घरी न्यायचा खरा कागद तोच. त्यावर जवळच्या नेत्रपेढीचा चोवीस तास चालणारा क्रमांक छापलेला हवा, आणि छापण्याआधी तो रात्री लावून पाहिलेला हवा. जुने, बंद पडलेले क्रमांक छापलेली पत्रके वाटणे ही या कामातली सर्वात वाईट चूक आहे, कारण तिचा फटका नेमका त्या रात्री बसतो.

त्वचादानाबद्दल लोकांच्या मनात भीती असते की सगळे अंग सोलतात. वक्त्याने न विचारताच सांगावे: मांड्या, पाय आणि पाठ यांवरून अगदी पातळ वरचा थर घेतात, पाऊण तासाच्या आत काम होते आणि नंतर ती जागा झाकतात. ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते आणि भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर तात्पुरते आवरण म्हणून लावताना रक्तगट जुळवावा लागत नाही. हाडे घेतली तर त्या जागी आधार बसवून हातापायाचा आकार परत आणतात. अंत्यविधी नेहमीसारखा होतो.

एक गोंधळ सत्रानंतरही टिकून राहतो: अवयवदान, नेत्रदान आणि देहदान यांना लोक एकच समजतात. देहदान म्हणजे वैद्यकीय शिक्षणासाठी अखंड शरीर देणे. अवयव काढलेले शरीर शरीररचनाशास्त्र विभाग सहसा स्वीकारत नाहीत, शवविच्छेदन झालेलेही नाही. नेत्रदान मात्र देहदानासोबत बहुधा चालते. ज्याने देहदानाचा फॉर्म भरला आहे त्याने घरच्यांना क्रम सांगून ठेवावा: अवयवदानाची संधी आली तर आधी ते, नाही तर देहदान. वक्त्याने हे तीन शब्द फळ्यावर वेगवेगळे लिहून दाखवले नाहीत तर निम्मे श्रोते चुकीचा फॉर्म मनात धरून जातात.

आता शंका. जी सत्रे शेवटची पाच मिनिटे प्रश्नांना देतात ती व्याख्याने आहेत, त्यांना प्रबोधन म्हणता येत नाही. लोकांचे खरे प्रश्न हात वर करून विचारले जात नाहीत. सुरुवातीलाच कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात, नाव न लिहिता प्रश्न टाकायला सांगावे आणि निम्मा वेळ त्या चिठ्ठ्यांना द्यावा. त्यांत तीन प्रश्न हमखास निघतात.

पहिला: मी दाता आहे हे कळले तर डॉक्टर मला वाचवायचा पूर्ण प्रयत्न करतील का? उत्तर: उपचार करणारे पथक वेगळे, मृत्यू निश्चित करणारे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे, आणि दानाचा विषय उपचारांच्या सगळ्या शक्यता संपल्यावरच निघतो. दुसरा: अवयव विकले जातात ना? इथे बरेच वक्ते "असे काही होतच नाही" म्हणून प्रश्न झटकतात आणि विश्वास गमावतात. जिवंत माणसांच्या मूत्रपिंडांचा बेकायदा व्यापार जगात झालेला आहे, त्याविरुद्ध २००८ साली इस्तंबूलचा जाहीरनामाही निघाला. ते मान्य करावे आणि मग मृत्यूनंतरच्या दानात अवयव प्रतीक्षायादीनुसार कसा दिला जातो ते सांगावे: रक्तगट, ऊतींची जुळणी, रुग्णाची निकड, किती काळ थांबला आहे. तिसरा प्रश्न धर्माचा. वक्त्याने धर्मग्रंथांचा अर्थ सांगायला बसू नये. बहुतेक मोठ्या धर्मांच्या धुरिणांनी अवयवदानाला पाठिंबा दिला आहे, २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनीही तो दिला, एवढे सांगून ज्याला शंका आहे त्याने आपल्या श्रद्धेच्या जाणत्या माणसाला विचारावे असे म्हणणे पुरे. शक्य असल्यास तशा व्यक्तीलाच सत्राला बोलवावे.

घाई का असते, हाही प्रश्न येतो. बर्फात ठेवलेले हृदय साधारण ४ तास टिकते, फुप्फुसे ६ तासांच्या आसपास, यकृत १२ पर्यंत, मूत्रपिंडे एक दिवसाहून थोडी जास्त. एवढ्या आकड्यांनी कुटुंबाला आधीच ठरवून ठेवण्याचे महत्त्व आपोआप कळते.

प्रत्यारोपण झालेली व्यक्ती किंवा दात्याचे कुटुंब सत्रात बोलले की सभागृह स्तब्ध होते. या भागाची ताकद मोठी आहे, जबाबदारीही. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, आणि अवयव कुणाचा होता, कुठून आला याची ओळख पटेल असे काही बोलू नये, कारण बहुतेक देशांत ही गोपनीयता दोन्ही बाजूंसाठी पाळली जाते. नुकताच वियोग झालेल्या कुटुंबाला व्यासपीठावर आणणे सरळ चूक आहे. आणि डोळे पाणावलेल्या श्रोत्यांसमोर लगेच फॉर्म ठेवू नयेत. त्या क्षणी भरलेली सही दुसऱ्या दिवशी घरात टिकत नाही.

फॉर्मचे टेबल दाराशी ठेवण्याची पद्धत म्हणूनच आम्हाला पटत नाही. बाहेर पडायचा रस्ता त्याच टेबलाजवळून असेल तर संकोचाने सह्या होतात. टेबल बाजूला ठेवा, एक स्वयंसेवक बसवा, आणि फॉर्म घरी नेऊन भरण्याचा पर्याय आधी सांगा. भारतातल्या प्रतिज्ञापत्रात दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळचा नातलग असावा लागतो. त्यामुळे फॉर्म घरी जाणेच योग्य, सही करताना संभाषण घडतेच. सत्रात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची साक्ष घेऊन गठ्ठा पूर्ण करणाऱ्या संस्था या तरतुदीचा हेतूच घालवतात.

ऑनलाइन नोंदणी सोयीची आहे, पण सत्रात करायची तर तयारी लागते. अधिकृत संकेतस्थळाचाच क्यूआर कोड लावावा, सारख्या दिसणाऱ्या खासगी पानांवर लोक आपली माहिती टाकून बसतात. ओटीपी जुन्या क्रमांकावर जातो म्हणून ज्येष्ठांची नोंदणी अर्ध्यात अडकते. स्वयंसेवकाने दुसऱ्याच्या फोनवर भराभर टिकमार्क करत जाऊ नये, कोणते अवयव आणि कोणत्या ऊती हे ज्याचे त्यानेच निवडावे. शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेतले का आणि ते घरातल्या एकाला पाठवले का, एवढे विचारावे. निर्णय नंतर बदलता येतो, हेही स्पष्ट सांगावे. ते सांगितल्याने नोंदण्या कमी होत नाहीत, उलट बिचकणारा माणूस पुढे येतो.

डोनर कार्ड ही वस्तू म्हणून पाहिली तर बरी आहे, पाचपैकी अडीच. पाकिटात राहते, पाकीट अपघातात हरवते. कार्डावर सर्वात उपयोगी जागा असते ती तातडीच्या संपर्काची, आणि नेमकी तीच बहुतेक कार्डांवर बारीक असते. जाड कागदाचे, पेनाने लिहिता येईल असे कार्ड चकचकीत प्लास्टिकपेक्षा चांगले, कारण प्लास्टिकवर शाई पुसते. मागच्या बाजूला "मी घरी सांगितले आहे" ही ओळ आणि कुणाला सांगितले ते लिहायला जागा असेल तर आणखी अर्धा गुण. पोस्टर, फेरी, घोषणा यांनी विषय कानावर पडतो, गैरसमज जात नाहीत. त्यांवर फार खर्च करू नये.

शाळेतली सत्रे वेगळ्या घडणीची हवीत. अल्पवयीन मुलांकडून प्रतिज्ञा घेऊ नयेत. त्यांना शरीर कसे चालते आणि प्रत्यारोपण म्हणजे काय एवढे शिकवावे, आणि पालकांशी बोलायला दोन प्रश्न लिहून द्यावेत.

स्पेनचे उदाहरण सगळे वक्ते देतात, बहुधा चुकीचे. तिथे गृहीत संमतीचा कायदा १९७९ चा आहे, पण दानाचे प्रमाण वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था स्थापन झाल्यानंतर, राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर. त्यांपैकी बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर असतात. संस्थेने जाहिरातींपेक्षा पत्रकारांशी थेट संवाद आणि चोवीस तासांचा दूरध्वनी यांवर भर दिला. सत्र घेणाऱ्या संस्थेला म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा: जवळच्या रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाशी तुमचा संपर्क आहे का? जो समन्वयक रोज कुटुंबांशी बोलतो तो सत्राला आला, तर त्याचे अर्ध्या तासाचे बोलणे पन्नास स्लाइडपेक्षा कामाचे ठरते.

एकूण साच्याला आम्ही पाचपैकी तीन देऊ. चार मिळवायचे तर असे मागा: ३०-४० श्रोते, ७५ मिनिटे, त्यातली निम्मी चिठ्ठ्यांतल्या प्रश्नांना. सुरुवातीला आणि शेवटी तीच सहा प्रश्नांची छोटी चाचणी, त्यात एक प्रश्न कोमा आणि मेंदूमृत्यूतल्या फरकाचा, एक नेत्रदानाआधी पंखा बंद करण्याचा. मध्ये पाच मिनिटे जोडीने सराव: एकाने घरी विषय काढायचा, दुसऱ्याने "असले अभद्र बोलू नकोस" म्हणून तोडायचा, पहिल्याने तरी शांतपणे बोलणे पुढे न्यायचे. आणि तीन आठवड्यांनी सगळ्यांना एकच निरोप पाठवायचा: घरी बोललात का, आणि काय अडले? त्याला येणारी उत्तरे पुढच्या सत्राच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकायची.